आम्ही सिगरेट सोडली

सोमवार, २ मार्च

सर्जननं आज तोंडावर सांगितलं. यांच्या उजव्या पायाची रक्ताची नळी बुजत चालली आहे, ऑपरेशन लागणार, पण सिगरेट बंद असेल तरच करीन. नाहीतर दुरुस्त केलेली नळी परत बुजते आणि मग पाय कापावाच लागतो. हे मान डोलावत बसले, जसं काही दुसऱ्याच कुणाचा पाय आहे. घाम मला फुटला.

तिथून खालच्या मजल्यावर एका पोरीकडे धाडलं. मानसशास्त्रज्ञ. सिगरेट सोडणाऱ्यांवर रिसर्च करते. म्हणे डॉक्टरला काय वाटतं ते नको, बायकोला काय वाटतं तेही नको, पेशंटला स्वतःला काय वाटतं तेच हवं. दर सोमवारी फोन येणार, रेकॉर्ड केलेली बाई प्रश्न विचारणार, शून्य ते दहा बटणं दाबायची. मी मनात म्हटलं, बाई गं, या माणसाला भूक लागली हेसुद्धा मला सांगावं लागतं. हिचं नाव मी प्रश्नवाली ठेवलं.

महिन्याभरात सिगरेट बंद. मी मनावर घेतलं म्हणजे झालंच.

गुरुवार, ५ मार्च

यांच्या सगळ्या पँटचे आणि शर्टांचे खिसे शिवून टाकले. दुहेरी टीप. अख्ख्या बाजारात कपडे दुरुस्त करणारी माझ्यासारखी दुसरी नाही, दात लावून ओढला तरी दोरा निघणार नाही. हे लिफ्टच्या कामाला निघाले, पान्हा कुठे ठेवू विचारलं. म्हटलं, हातात धरा.

वर राहणारी नणंद जिन्यात हसली. म्हणे माझ्या भावाचं गाठोडं करून ठेवलंस की गं. मी म्हटलं, वन्सं, पहिली सिगरेट त्यांना तुमच्याच नवऱ्यानं दिली होती. गप वर गेली.

एवढी साधी गोष्ट. शिकलेल्या लोकांना सुचत नाही आणि म्हणे रिसर्च.

सोमवार, ९ मार्च

फोन आला. हे जेवत होते. यांचा फोन तसाही माझ्याच दुकानात असतो, कुठली लिफ्ट बंद पडली ते निरोप मीच घेते. आज प्रामाणिकपणे यांच्या कानाला लावला. पहिल्याच प्रश्नाला हे इतका विचार करत बसले की त्या बाईनं प्रश्न परत विचारला. वरण गार झालं. मी फोन ओढून घेतला.

किती सिगरेटी ओढल्या? शून्य. खिसेच नाहीत तर येणार कुठून.
झोप कशी लागते? एक. कसली डोंबलाची झोप.
चिडचिड किती होते? दहा. खोटं कशाला सांगा.
वस्तू फेकाव्याशा वाटतात का? दहा. कात्री तर कालच फेकली होती.
छातीवर दडपण? दहाच्या पुढे बटण नाही.

दोन मिनिटांत काम फत्ते. ह्यांनी केलं असतं तर रात्र झाली असती.

बुधवार, ११ मार्च

प्रश्नवालीनं दंडाला लावायच्या चिकटपट्ट्या दिल्यात, सिगरेटची तलफ मारायला. सकाळी हे मोजे घालत असताना मी स्वतः लावली. दुपारी एका बिल्डिंगच्या वॉचमननं सांगितलं, तुमच्या मिस्टरांनी लिफ्टच्या डब्यातली सैल वायर कसल्यातरी पट्टीनं झकास बसवली. हातातलं कापड तिरकं कापलं गेलं. एका गिऱ्हाईक बाईची चांगली पँट. तिलाच सुनावलं की असलं घसरडं कापड आणतेस कशाला.

उद्यापासून पट्टी पाठीवर, जिथे यांचा हात पोचत नाही.

सोमवार, १६ मार्च

शून्य, एक, दहा, दहा, दहा. आता तोंडपाठ झालंय, प्रश्न संपायच्या आत दाबते.

आणि दुपारी प्रश्नवालीचा स्वतःचा फोन. पोरगी खूश. म्हणे उत्तरं अगदी हवी तशी येताहेत, सिगरेट सोडणाऱ्याला सुरुवातीला झोप येत नाही, राग येतो, सगळं अंगावर येतं. म्हणजे खरंच सुटतेय. फार सोसताहेत हो तुमचे मिस्टर, म्हणाली, जरा सांभाळून घ्या.

मी म्हटलं, घेतेच आहे.

फोन ठेवल्यावर कोण जाणे का, डोळ्यांत पाणी आलं. इस्त्रीची वाफ.

शनिवार, २१ मार्च

यांच्या जाकिटाला वास. विचारलं तर म्हणाले समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनरूममध्ये मोटर जळली, तिचा. पटलं. मोटरी जळतातच.

नणंद सांगत आली की गच्चीवर धूर दिसला आणि धुराखाली तिचा भाऊ दिसला. म्हटलं, वन्सं, चष्मा बदला. या बाईला आमचं चांगलं बघवत नाही. भावाचा पाय जाईल तेव्हा हिला कळेल. जाणार नाही म्हणा. जाऊ देतेय कोण.

जिना चढताना हे तीनदा थांबले. नव्या चपला आहेत, चावत असतील.

सोमवार, ३० मार्च

शून्य. ऑपरेशनची तारीख मिळाली, शुक्रवार. मीच केलं हे सगळं. दुकानात येईल त्याला सांगितलं, आम्ही सिगरेट सोडली. मटणवाल्यानं विचारलं, तुम्हीपण ओढायचात? त्याच्या कोटाची चेन उलटी बसवणार होते, पण हात आवरला.

हे आज दिवसभर काही बोलले नाहीत. आनंद झाला असणार.

गुरुवार, २ एप्रिल

मेले सगळे.

भरती करायच्या आधी यांना एका नळीत फुंकायला लावलं. मशीननं काय तो आकडा दाखवला आणि नर्सनं सर्जनला बोलावलं. सर्जन म्हणाला, हा माणूस आज सकाळीसुद्धा सिगरेट ओढून आलाय. मी म्हटलं, तुमचं मशीन बिघडलंय. म्हटलं, यांना सर्दी आहे. म्हटलं, आम्ही रिक्षात ज्याच्या शेजारी बसलो तो ओढत होता. आवाज चढला असेल, कारण समोरच्या बाकावरचे सगळे उठून पलीकडे गेले. ऑपरेशन रद्द. नवी तारीख नाही.

मग प्रश्नवाली आली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ यांच्यासमोर बसली. रात्री झोप येत नाही ना? हे म्हणाले, येते की, पडलो की लागते. राग फार येतो? नाही बुवा. वस्तू फेकाव्याशा वाटतात? हे म्हणाले, मी आयुष्यात काही फेकलेलं नाही.

मग तिनं हळूच मान वळवून माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, वरण गार होत होतं.

शुक्रवार, ३ एप्रिल

सकाळी यांना धरून विचारलं, त्या पोरीसमोर बरं तोंड फुटलं, मला महिनाभर एका शब्दानं सांगता आलं नाही? गच्चीवर बसून धूर काढत होता आणि मी मूर्खासारखी शून्य दाबत होते.

हे म्हणाले, "शून्य दाबलंस की तुझा चेहरा जरा सैल पडायचा. तेवढं तरी असू दे म्हटलं."

असा राग आला! पाय जाणार आणि हा माणूस माझा चेहरा बघतोय. दुकानात जाऊन बसले. मशीनमध्ये दोरा ओवायला जमलं नाही, तसंच बंद करून घरी आले.

प्रश्नवालीचा निरोप आला की सोमवारचे फोन आता यांनीच घ्यायचे, फोन यांच्याच खिशात राहील. मग एक खिसा उसवला. दोरा निघता निघेना. ब्लेडनं बोट कापलं.

मंगळवार, ७ एप्रिल

प्रश्नवालीनं यांना एकट्याला आत घेतलं. मला बाहेर बाकावर बसवलं. आता मिनिटभरात बाहेर येतील म्हणून मी पिशवी हातातच धरली. येतच नाहीत. आतून यांचा आवाज येत होता, लांबच्या लांब वाक्यं. एकदा हसल्यासारखंही वाटलं. शब्द काही कळेना. एवढं काय बोलायचं असतं माणसाला? दार चांगलं जाड आहे, कान लावून बघितला.

बाहेर आले. सिगरेट सोडायची तारीख यांनी स्वतः ठरवली म्हणे. सर्जन त्यानंतर परत तपासणार. तारीख कुठली ते मला सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, झाली की सांगतो. आणि पाणी प्यायला गेले.

ती पोरगी माझ्या शेजारी बाकावरच बसली. मला वाटलं आता बोलणी बसणार, मीही तयार होते, दोन-चार वाक्यं तोंडात आणून ठेवली होती. तसलं काही नाही. विचारलं, "तुम्ही कशा आहात?"

मी म्हटलं, झोप चांगली लागते त्यांना. जेवतात. खोकला थोडा आहे.

ती म्हणाली, तुमचं विचारलं.

मी म्हटलं, मग तेच तर सांगतेय.