चॅपलबाहेरची पेटी

दि. १२ फेब्रुवारी, बुधवार

प्रिय ताई,

परवा आठवीतल्या एका मुलीने मला विचारलं, "टीचर, चिठ्ठी तुम्ही वाचलीत, मग देवाने वाचली का?" मला उत्तर देता आलं नाही. अजूनही येत नाही. तुला येत असेल तर कळव.

बाकी मी बरी आहे. खोकला गेला. आईच्या गुडघ्याचं काय म्हणतेस? इस्पितळाच्या धुलाईखान्यात तुझी सकाळची पाळी पुन्हा सुरू झाली का? बाबांना सांग, मी चष्मा घेतला, आता तरी त्यावरून फोनवर ओरडू नका.

नोकरीत कायम झाल्याचं पत्र आलं का, असं तू दोनदा विचारलंस. आलं. पंधरा दिवस झाले. कळवलं नाही, कारण ते कशाबद्दल मिळालं हे लिहायला हात धजत नव्हता.

तुला वाटतं, मी देवाच्या घरात नोकरी करते. तू चर्चमध्ये मिस्सेला मागच्या खांबाशी उभी राहतेस, वाफेने सोललेले हात जोडतेस आणि काही न मागता घरी येतेस. इथे कॉन्व्हेंटच्या शाळेत तसं चालत नाही. इथे देव कपाटात फायलींच्या वर असतो आणि 'तुझ्यासाठी प्रार्थना करते हं' हे वाक्य कुणाच्या तोंडावर दार लावायला वापरतात. रजा मागितली, प्रार्थना करते. वर्गात पंखा नाही, प्रार्थना करते. आमच्या मोठ्या सिस्टर, म्हणजे मुख्याध्यापिका, त्यांचा आवाज इतका मऊ आहे की सुरी आत गेल्याचं घरी पोचल्यावर कळावं.

शाळेच्या चॅपलच्या, म्हणजे प्रार्थनाघराच्या, दाराबाहेर एक लाकडी पेटी आहे. वर फट, पुढे कुलूप आणि निळ्या रंगात लिहिलेलं: 'तुझं मागणं फक्त देवाला.' मुली चिठ्ठी लिहितात, नाव न घालता टाकतात. दर शुक्रवारी ती पेटी मी उघडते. चिठ्ठ्या वाचायच्या, योग्य त्या निवडायच्या, सोमवारच्या सभेत वाचण्यासाठी सुवाच्य उतरवून द्यायच्या. आजारी आजोबा योग्य. जगात शांती योग्य. 'गणिताच्या बाईंचा घसा बसू दे' अयोग्य. 'ताईला तिच्या नवऱ्याने मारू नये' हेही अयोग्य. त्याचं करायचं 'सर्व कुटुंबांत प्रेम नांदो.' मागण्यांना इस्त्री करायचं काम गं. तुझी इस्त्री निदान खऱ्या चादरींवर फिरते.

शिवणाच्या बाई दर सोमवारी माझ्या कानाशी लागतात, "आज कुणाचं दुखणं वाढलंय ताटात?" मीही हसत असे.

जानेवारीच्या सुरुवातीला एक चिठ्ठी निघाली. 'माझी आई घर सोडून गेली. बाबा सगळ्यांना ती आजारी आहे म्हणून सांगतात. ती जिथे असेल तिथे तिला भूक लागू नये.' एवढंच. परत ये असंसुद्धा नाही.

मग ती चिठ्ठी कुणाची हे सिस्टरांना कळलं. पुढच्या सोमवारपासून सभेत सुरू झालं: "आठवीतल्या आपल्या एका भगिनीची आई वाट चुकली आहे. तिला सुबुद्धी मिळो, ती आपल्या कर्तव्याकडे परतो." नाव नाही घेतलं, सिस्टर तेवढ्या सभ्य आहेत. पण पालकसभेला सलग दोनदा एकटे आलेले बाबा आठवीत एकच. डबा खाताना त्या मुलीच्या शेजारचा बाक रिकामा पडायला लागला. एकीने तिला विचारलं म्हणे, "तुझी आई कुणाबरोबर गेली?"

मी सिस्टरांकडे गेले. म्हटलं, "आता थांबवूया का?"

"अगं, प्रार्थना कधी थांबवतात का?" त्या हसल्या. "उलट त्या पोरीला किती आधार वाटत असेल!"

वर मी 'कळलं' असं लिहिलं आहे. कळत नसतं, ताई. कुणीतरी सांगतं.

त्या मुलीचं अक्षर मी ओळखलं. ती अक्षरांवर रेघ मारत नाही. वर्षभर तिच्या वहीत लाल पेनाने 'वर रेघ मार' असं मीच लिहीत आले आहे. चिठ्ठी वाचून माझे डोळे भरले आणि मी ती नाचवत सिस्टरांकडे नेली: बघा, आपल्या मुली किती सुंदर मागतात! त्यांनी मऊ आवाजात विचारलं, "कुणाची गं?" मी सांगितलं. लगेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "मुलींची मनं ओळखणारी माणसं आम्हाला कायमची हवीत." तीन आठवड्यांत पत्र हातात. लहानपणी तू म्हणायचीस, हिच्या तोंडात तीळ भिजत नाही. घरातल्या पहिल्या पदवीनेही तो भिजवला नाही.

गेल्या शुक्रवारी पेटीत दुसरी चिठ्ठी होती. 'देवा, मी फक्त तुला सांगितलं होतं. तू सगळ्यांना का सांगितलंस?' या वेळी प्रत्येक शब्दावर रेघ होती. पट्टीने मारलेली. देवापासून अक्षर लपवायला ती अखेर माझं ऐकून शिकली.

सोमवारी सभेत वाचायचा कागद सिस्टरांनी माझ्याच हातात दिला. मी तो घडी करून ठेवला आणि माइकवर म्हटलं, "मुलींनो, पेटी देव उघडत नाही, मी उघडते. चिठ्ठ्या मी वाचते. एक अक्षर ओळखून मी गुपित फोडलं. देवाने कुणाचं काही सांगितलेलं नाही."

गणिताच्या बाईंना ठसका लागला. सिस्टर शांतपणे पुढे आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आपल्या टीचरचं मन अस्वस्थ आहे. आपण सगळ्या त्यांच्यासाठी प्रार्थना करूया." आणि तीनशे मुलींनी डोळे मिटून माझ्यासाठी प्रार्थना केली. अंगावर उकळतं पाणी पडावं तसं वाटलं. त्या पोरीने हे पाच सोमवार सोसलं होतं, चौदा वर्षांची असताना.

तिने डोळे मिटले नव्हते. ती माझ्याकडे बघत होती. सभा सुटल्यावर जिन्यात तिने मला गाठलं आणि वर लिहिलेला प्रश्न विचारला.  ती म्हणाली, "ठीक आहे. देवाला मी दुसरीकडून सांगेन." आणि वर्गात गेली. माफ केलं असं म्हणाली नाही. मीही माफी मागितली नाही. मागण्यांचा मला वीट आला आहे.

ताई, तू सातवीत शाळा सोडलीस म्हणून मी शिकले. तुला हे आवडणार नाही, तरी सांगते. आज दुपारी मी कायम झाल्याचं पत्र राजीनाम्यासकट घडी करून पेटीच्या फटीतून आत टाकलं आणि चावी सिस्टरांच्या टेबलावर ठेवली. शुक्रवारी कुणीतरी उघडेल, वाचेल. अक्षर ओळखायची गरज पडणार नाही. त्या पेटीतली नाव घातलेली पहिली चिठ्ठी माझी आहे.

शनिवारी घरी पोचते. आईला आधी काही सांगू नकोस; तुला गुपित ठेवता येतं.

तुझी,
तीळ न भिजणारी