कर्मचारी क्रमांक ११४ याची हजेरी बंद करण्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता साहेब,
पाणी उपसा केंद्र, कालवा विभाग.

विषय : माझा भाऊ चार महिने नऊ दिवस कामावर आलेला नाही, तरी त्याला रोज हजर लावणं थांबवावं.

संदर्भ : आपल्याकडून माझ्या भावाच्या नावाने आलेली ‘विना परवानगी एक दिवस गैरहजर राहिल्याबद्दल खुलासा करावा’ ही नोटीस.

महोदय,

खुलासा भावाकडे मागितला आहे, तो देऊ शकत नाही म्हणून मी देते. मी त्याची धाकटी बहीण. वय सतरा. शाळा नववीत सोडली, आता कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात काम करते. अर्जाची भाषा मला येत नाही. दोनदा लिहून फाडला, दोन्ही वेळा शिव्या आल्या होत्या. हा तिसरा आहे.

१) दादा आपल्याकडे पंप ऑपरेटर. त्या दिवशी सकाळी सहाला त्याने पंप चालवणारं कॉम्प्युटरचं मशीन सुरू केलं आणि साडेसहाला कालव्याच्या भिंतीवरची पातळीची पट्टी वाचायला गेला. कालव्याला पाणी चढलेलं होतं. कठड्याला टेकवलेली सायकल सापडली, एक चप्पल सापडली, तो सापडला नाही. दोन दिवस गळ टाकून शोधलं. तिसऱ्या दिवशी शोधणारे म्हणाले, ‘तुमचा माणूस तर ड्यूटीवर आहे, ऑफिसने सांगितलं.’ आणि गळ गुंडाळून निघून गेले.

२) पोलीस चौकीत गेले. ते म्हणाले, तो कामावर येत नाही असं ऑफिसचं पत्र आण, मग बेपत्ता म्हणून नोंद करू. आपल्या ऑफिसात आले. मोठे क्लार्क म्हणाले, ‘कॉम्प्युटरमध्ये हजर दिसतोय, हजर माणसाला बेपत्ता कसं लिहू? चौकीचा कागद आण.’ अशा सात खेपा झाल्या. सातव्या खेपेला मी टेबलावर हात आपटला. त्याबद्दल माफी असावी. काच आधीच तडकलेली होती.

३) साहेब, आपण त्याची हजेरी कधी उघडून बघितली आहे का? तो सकाळी सहाला हजर आहे, दुपारी दोनला हजर आहे आणि रात्री दहालाही हजर आहे. रोज. जो माणूस घरी असताना अकरापर्यंत लोळायचा तो चार महिने चोवीस तास ड्यूटी करतोय आणि कोणाला काही वाटत नाही. उलट ‘सलग नव्वद दिवस एकही खाडा नाही’ म्हणून आपल्या सहीचं प्रशस्तिपत्र घरी आलं. आईने ते काच लावून भिंतीवर टांगलं.

४) हे का होतं ते सांगते. यात भुताटकी नाही. आपल्याकडे प्रत्येक ऑपरेटरला आपला पेनड्राइव्ह आहे, त्यात त्याचं नाव आणि क्रमांक. मशीन सुरू झालं की जोडलेल्या प्रत्येक पेनड्राइव्हला एकेक अक्षर देतं. सी आणि डी आतल्या डिस्कला गेलेले आहेत. मग पहिल्याला ई, दुसऱ्याला एफ. हजेरीचा प्रोग्राम ई, एफ, जी अशी ओळीने दारं ठोठावतो आणि आत जे नाव मिळेल त्याला हजर लावतो. दादाचा पेनड्राइव्ह मशीनच्या मागच्या बाजूला अजून लावलेला आहे. पाळी बदलली की मशीन बंद करून परत सुरू करायचं हा आपलाच नियम. म्हणून दिवसातून तीनदा मशीन जागं होतं आणि आधी ई चं दार ठोठावतं. दादा आत असतो.

५) मग तो कोणी काढत का नाही? कारण तो काढला की मशीन सुरूच होत नाही. काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत बसते. आतल्या डिस्कचा सुरुवातीचा भाग खराब झालाय, मशीन दादाच्या पेनड्राइव्हवरून उठतं. ते मी केलेलं आहे. हा गुन्हा असेल तर माझ्यावर लावा. दादा म्हणाला होता, ‘पंप थांबला तर साहेब मला खातील, काहीतरी कर ना बाई.’ मी त्याच्याच पेनड्राइव्हवर सोय करून दिली. मशीन उठायला चार मिनिटं लागायची. तेवढ्यात दुसऱ्या पाळ्यांचे काका लोक बटण दाबत बसायचे, म्हणून त्याच्याच सांगण्यावरून पडद्यावर दोन शब्द टाकले : ‘थांबा, येतोय.’

ही सोय दोन दिवसांची होती. मी येऊन डिस्क नीट करणार होते. तो तीन आठवडे मागे लागला. शेवटच्या संध्याकाळी मी त्याच्यावर खेकसले, ‘मी काय तुझी नोकर आहे? करीन तेव्हा करीन.’ तो डबा घासत होता, घासत राहिला.

६) बाकीच्या ऑपरेटरांना दोष देऊ नये. त्यांना सगळं माहीत आहे. दुपारपाळीचे काका मला म्हणाले, ‘पोरी, तो येत नाही असं आम्ही सांगितलं तर साहेब विचारतील, मग हजेरी कोण लावतंय? चौकशी आमच्यावरच बसेल.’ त्याच्या खुर्चीवर आता कोणी बसत नाही. पडद्यावर ‘थांबा, येतोय’ आलं की काका हळूच म्हणतात, ‘ये रे बाबा.’ आधी गंमत म्हणून म्हणत असतील. आता गंमत नाही. मी खिडकीतून बघितलंय, ते म्हणताना त्यांचं तोंड दाराकडे असतं. माझंही तिकडेच वळलं.

७) ज्या एका दिवसाचा खुलासा मागितला आहे तो असा. गेल्या महिन्याच्या बारा तारखेला मी काकांच्या समोर त्या पेनड्राइव्हचं अक्षर बदलून झेड केलं. प्रोग्राम झेडपर्यंत जात नाही. मशीन नीट उठलं आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा दादा हजर लागला नाही. मला वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी आपल्या ऑफिसातून घरी फोन आला, ‘काल तुमचा मुलगा आला नाही.’ फोन आईने घेतला. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, ‘म्हणजे परवापर्यंत येत होता.’

त्याच दिवशी काका नोटिशीला घाबरले. त्यांनी पेनड्राइव्ह एका खाचेतून काढून दुसऱ्या खाचेत घातला. नवीन खाच दिसल्यावर मशीनने झेड विसरून त्याला परत ई दिलं. पंपघरातून निरोप आला, ‘आज लागला.’ आईने तेवढंच ऐकलं, ‘आज आला.’

८) तेव्हापासून आई आपल्या फाटकावर बसते. सहाला, दोनला, दहाला. पाळी सुटली की एकेकाचं तोंड बघते. सगळे बाहेर पडले, फाटक लागलं की म्हणते, ‘जादा काम लावलं असेल.’ मी ओढून नेते, ती परत येते. पहारेकऱ्याने तिला स्टूल दिलंय. तिचा एक पाय सुजलाय. दुकान सोडून मी तिच्या मागे फिरते. रात्रीचा डबा ती दोन माणसांचा भरते, म्हणते एकाच पाळीचं जेवण तीन पाळ्यांना कसं पुरेल.

९) मी तो पेनड्राइव्ह गुपचूप उपटून नेऊ शकले असते. नेला नाही, कारण पंप बंद पडला असता आणि अर्ध्या वस्तीचे नळ कोरडे पडले असते. शिवाय उपयोग शून्य. दुसऱ्या दिवशी परत फोन, परत नोटीस.

म्हणून मागणी अशी. आपल्या कपाटात कुलपात असलेली मशीनची मूळ सीडी मला एक तासासाठी द्यावी. मी आपल्यासमोर बसून आतल्या डिस्कचा सुरुवातीचा भाग दुरुस्त करते, मशीन स्वतःच्या पायावर उठतं का ते तीनदा बंद-चालू करून दाखवते आणि मग पेनड्राइव्ह काढते. काढताना आपण स्वतः हजर असावं. चार महिन्यांचा पगार त्याच्या खात्यात तसाच पडून आहे, परत घ्यावा.

आणि एक ओळ लिहून द्यावी : ‘कर्मचारी क्रमांक ११४ हा सायकल सापडली त्या तारखेपासून आलेला नाही.’ खाली सही आणि गोल शिक्का. मी घरी हे शंभरदा सांगितलं. आई म्हणते, तू काय सांगतेस मला, ऑफिसचा कागद आहे. साहेब, तिला फाटकावर कागदाने बसवलंय. माझ्या ओढण्याने ती उठत नाही. कागदानेच उठेल.

आपली नम्र, उत्तर मिळेपर्यंत फाटकावरच सापडणारी,

(सही)
कर्मचारी क्र. ११४ याची धाकटी बहीण

ठिकाण : उपसा केंद्राचं फाटक, पहारेकऱ्याच्या खोलीजवळ
दिनांक : १५, दुपारी दोनला पाळी सुटल्यावर

सोबत :
१. खुलाशाची नोटीस, मूळ प्रत.
२. प्रशस्तिपत्राचा फोटो. (मूळ प्रत आई भिंतीवरून काढू देत नाही.)
३. तिन्ही पाळ्यांच्या हजेरीच्या पडद्याचे फोटो.
४. पेनड्राइव्ह जोडलेला नाही. तो मशीनमध्ये आहे.