कडेची तीन कोकमं

१२ जानेवारी
सकाळी लोणावळ्याच्या बंगल्याचे साहेब आले. सफरचंद, अंजीर, आंबा, केळी, सगळं एकाच कुंपणात हवं. म्हटलं, साहेब, सफरचंदाला कडाक्याची थंडी लागते, अंजिराला कोरडी हवा. तुमच्याकडं पाऊस चार महिने छपरावरून उतरत नाही. "पण हिल स्टेशन आहे ना?" शेवटी फणस, जाम नि दोन आंबे घेऊन खुशीत गेले.
रोज तेच सांगून घसा बसतो. नर्सरी नव्यानं लावायची. थंड हवेची झाडं एकीकडं, कोरड्या हवेची दुसरीकडं, उष्ण नि दमट वेगळी. त्यातही पानं झाडणारी, बारमाही हिरवी, वेली. प्रत्येक ओळीला पाटी. सूनबाईचं, अश्विनीचं अक्षर चांगलं. तीच रंगवणार. विचारलं तर लगेच हो म्हणाली. तिलाही घरातून बाहेर पडायला निमित्त.

१५ जानेवारी
काल संक्रांत. सौ.च्या हळदीकुंकवाला आळीतल्या बायका. मी मागं पिशव्या भरत होतो. कान तिखट, नको ते सगळं येतं. "सुमन, सून अजून रिकामीच गं?" सौ. म्हणाली, "आमच्या दारात सावलीच लय, फळ न्हाई." बायका हसल्या. अश्विनी वाण घेऊन तिथंच उभी असणार, कारण लगेच ताट आपटल्याचा आवाज.
लग्नाला सहा वर्षं झाली.

१९ जानेवारी
पाट्या झाल्या. पीच, नासपतीच्या पाटीवर तिनं स्वतःहून लिहिलं: "हिवाळ्यात पानं गळतात. झाड मेलेले नाही." पुण्याची एक बाई मागच्या साली पीच उपटून परत घेऊन आली होती, ते तिच्या लक्षात होतं. केळीला: "एकदाच फळते, पिलं ठेवून जाते."
शेवटी कोकम. बांधावरची आठ झाडं मी धंदा सुरू केला तेव्हाची, बी लावून केलेली. कलमं तेव्हा कुठं मिळायची. पाच फळतात. कडेची तीन फुलतात नि झडतात. आत्ताही मोहर आहे, मधमाश्या घोंघावतात.
"आबा, ती तीन कधीच का धरत नाहीत?"
म्हटलं, नर आहेत. ती नसली तर बाकीची पाचही धरायची नाहीत. जवळपास दुसरं कोकम नाही.
तिनं ब्रश डब्यात बुडवला. मग, "आई तर त्यांना वांझ म्हणतात."
"म्हणू दे."
"पाटीवर लिहू?"
"लिही की." तिनं लिहिलं, इतरांपेक्षा मोठ्या अक्षरात: "नर झाडं. यांना फळ धरत नाही." सौ.ला वाचता येत नाही.

२ फेब्रुवारी
हे लिहू नये, पण कुठंतरी ठेवायला पाहिजे.
आंब्याच्या खोडाला कान लावून आतली भिरूड अळी कुरतडताना ऐकणारा माणूस मी. शेडनेटच्या पलीकडची कुजबुज काय, अंगणातच बोलल्यासारखी. आमचे चिरंजीव महेश आणि अश्विनी.
ती : अजून किती ऐकून घेऊ मी? डॉक्टरांनी तुम्हालाच सांगितलं ना, दोष तुमच्यात आहे म्हणून.
तो : हळू बोल. आईला कळलं तर गावात तोंड दाखवता येईल का मला? थोडा दम धर.
ती : सहा वर्षं धरलाय.
मी तिथंच बादली हातात घेऊन. खोकलोही नाही.

३ मार्च
ग्रहण. सौ.नं सकाळपासून चूल पेटवली नाही. संध्याकाळी कडेच्या त्या तीन कोकमांपाशी नेऊन अश्विनीच्या हातात मुसळ दिलं. न फळणाऱ्या झाडाला ग्रहणात मुसळानं मारलं की फळतं, ही आमच्याकडची जुनी चाल. सौ.चा त्यावर विश्वास बसलेला, कारण तिलाही पाच वर्षं मूल नव्हतं. तिनं परसातल्या आंब्याला मारलं आणि पुढच्या साली आंबाही धरला, महेशही झाला. मी कधी वाद घातला नाही. पोरगा झाला होता, वाद कशाला.
"मार गं. मनात धरून मार. झाड बी फळंल आन तू बी."
अश्विनीनं महेशकडं पाहिलं. म.नं मोबाइलकडं. मग तिनं माझ्याकडं पाहिलं.
मारायला लागली. पहिल्याला, दुसऱ्याला, तिसऱ्याला, परत पहिल्याला. चंद्र डोंगरावर आला तो सुटलेलाच. सौ. म्हणाली, "सुटलं गरान, पुरं आता." ही थांबेना. साल फुटून पिवळा चीक ओघळला. शेवटी सौ.नंच हात धरला, आणि पदरानं तिचं तोंड पुसलं, हेही लिहून ठेवतो.

८ मार्च
टाकव्याहून अश्विनीचे वडील आले. चहा घेतला नाही. ती मोठी बॅग घेऊन निघाली. सौ. सगळ्यांना सांगते, चार दिवसांसाठी गेलीय. चार दिवसांसाठी हिवाळ्यातली शाल कोण नेतं.
जाताना माझ्या पाया पडली. "आबा, पाट्यांना उन्हाळ्यानंतर एक हात मारा रंगाचा." एवढंच.
महेश कंपनीत, ड्यूटीवर.

२२ मार्च
रविवार. कटरच्या आवाजानं उठलो. महेश ती तीन कोकमं तोडत होता. दोन पडलेली. सौ. मागं उभी, "बरं झालं, कवाची सांगत व्हते."
जवळ जाऊन विचारलं, पाटी वाचलीस का रे?
कटर बंद केला. घामानं निथळत होता. "वाचली. म्हणूनच."
पुन्हा सुरू केला.

२९ एप्रिल
कोकमं लालबुंद, फांद्या वाकल्यात. सौ. टोपली भरून ओट्यावर घेऊन आली. "बघा. वांझ काढली आन बाकीच्यास्नी कसा जोर आला. घराचं बी आसंच असतंय. वडिवळ्याच्या लोकांना उद्या बोलावलंय, पोरगी दाखवायला. टाकव्याला निरोप धाडू, आता येऊ नको म्हनून."
किती सहज. मी एक कोकम फोडून चोखत होतो. म्हटलं, सुमन, ही फळं जानेवारीत धरली. तेव्हा ती तीन उभी होती.
"मग?"
"पुढच्या साली एक लागायचं नाही. ती नर होती. वांझ नव्हतीच कुणी."
तिची बोटं टोपलीतल्या कोकमांत तशीच राहिली. लाल.
"ह्ये तुमाला म्हाईत व्हतं?"
"हो."
"आन मी पोरीच्या हातात मुसळ दिलं तवा?"
"तेव्हाही."
तिनं टोपली बाजूला सरकवली. मग हळू विचारलं, "झाडाचंच सांगताय न्हवं तुमी?"
म्हटलं, महेश येऊ दे. त्याच्यासमोर बोलतो.
आता चार वाजून गेलेत, पहिली पाळी सुटली असेल. सौ. ओट्यावर बसून आहे, टोपली तशीच. मी इथं आत, हे लिहितोय, हात चालता राहावा म्हणून.
फाट्यावर गाडी वळली. त्याचीच, सायलेन्सर फुटका आहे.
सौ.ला अजून ऐकू आलेलं नाही.