समुद्रफुलासाठी घेतलेला दिवा

शहापूर, बेळगाव
मंगळवार, दुपार

तीर्थस्वरूप आक्कास,

धाकट्या भावकूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. इकडे आम्ही दोघं बरे आहोत, म्हणजे मंगल बरी आहे आणि मी ज्या लायकीचा आहे तसा आहे. थंडीत तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला उतरला का? हे सगळं फोनवर विचारता आलं असतं हे मला कळतं. पण तू फोनवर "बोल की रं" म्हणालीस की माझ्या तोंडून खरं सोडून बाकी सगळं बाहेर पडतं. म्हणून कागद घेऊन बसलो आहे.

विषय तुझ्या सौरवच्या माशांचा आहे. (मासे जिवंत आहेत. हे आधीच सांगतो, नाहीतर तू पत्र अर्धवट टाकून स्टँड गाठशील.) जूनमध्ये कंपनीनं त्याला सहा महिन्यांसाठी मंगळूरला पाठवलं, तेव्हा खाऱ्या पाण्याची ती काचेची पेटी त्यानं माझ्या हवाली केली. एवढं पाणी हिंदकळत तुझ्याकडं निपाणीपर्यंत न्यायचं कसं, आणि मामाचं घर असताना न्यायचं कशाला, असं मीच छाती काढून म्हणालो होतो. पेटीत दोन नारंगी-पांढरे जोकर मासे आणि त्यांचं घर म्हणजे ते समुद्रफूल. दिसतं शेवंतीसारखं, पण ते झाड नव्हे, जनावर आहे. त्याच्या पाकळ्यांत हे दोघं लोळतात, झोपतात आणि भांडतात. (बायको आकारानं मोठी, नवरा तिच्या मागं मागं. मंगलला हे जोडपं पहिल्या दिवसापासून पसंत आहे.) सौरवनं ते फूल चार वर्षं जपलं. येत्या शनिवारी तो परत येतो आहे आणि त्याला तोंड दाखवायची मला लाज वाटते, कारण ते फूल मरायला टेकलंय आणि ते माझ्यामुळं टेकलंय.

झालं असं, की गणपतीत एकदा वीज गेली आणि येताना इतक्या जोरात आली की माझ्या साड्यांच्या एका मागाची मोटर आणि पेटीवरचा दिवा, दोन्ही एकदमच गेले. मोटरीचं मला दुःख झालं, दिव्याचं नाही. दिवा काय, दुसरा आणू. सौरवनं फोनवर नीट समजावलं, की या फुलाच्या अंगात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ असतं, ते उजेडावर जगतं आणि फुलाला पोसतं. म्हणून नुसता चांगला दिसणारा दिवा चालत नाही. निळा-पांढरा, जोरकस, पाण्यात खोलवर पोचणारा उजेड लागतो. त्यानं दिव्याचं नाव पाठवलं, कुठून मागवायचा ते पाठवलं, किती उंचीवर टांगायचा आणि दिवसातून किती तास लावायचा तेही पाठवलं. आणि मी त्याला काय म्हणालो, तर "अरं, तीस वर्सं रंगात हात घालून बसलोय मी. उजेड मला शिकवतोस व्हय?" आक्का, हे वाक्य नुसतं लिहितानाही कान गरम होताहेत.

मग मी खडेबाजारात गेलो आणि माशांचं दुकान सोडून सजावटीच्या दिव्यांच्या दुकानात शिरलो. दुकानदारानं आतल्या अंधाऱ्या खोलीत नेलं, प्लास्टिकच्या फुलांवर एक दिवा लावून दाखवला, आणि फुलं अशी काही पेटून उठली की मी जागच्या जागी पाघळलो. तो भला माणूस म्हणालाही, "काका, ह्यो शोचा हाय. माशांचं मला काय म्हाईत न्हाय." मी "बांधा" म्हणालो. आता तूच सांग, आपल्या आप्पांनी आपल्याला चालायच्या आधी काय शिकवलं? दुकानातल्या उजेडात साडीचा रंग ठरवू नये, दारात नेऊन उन्हात बघावा. आजही मी गिऱ्हाइकांना सांगतो, की बाई, पदर घेऊन बाहेर जा आणि मग बोला. असा मी, अंधाऱ्या खोलीत उभा राहून प्लास्टिकच्या फुलांवर दिवा पसंत करून आलो. घरी लावला तर पेटी अशी निळी-जांभळी उजळली की अर्धी गल्ली बघायला आली. मंगल चहा करून थकली. मी खुर्चीत बसून आल्यागेल्याला उजेडाचं शास्त्र सांगत होतो. (काल शेजारची मालुबाई विचारत होती, "ते शास्त्र आता सांगत न्हाईसा ते?" मी मागाचा आवाज वाढवला.)

पंधरा दिवसांत फूल फिकं पडू लागलं. त्याचा मूळ रंग काकवीसारखा, टोकांना जांभळी झाक. दिवाळीपर्यंत ते साफ पांढरं झालं. शहाणा माणूस घाबरला असता. पण मी पडलो विणकर, आणि सूत पांढरंशुभ्र झालं की आपल्या घरात आनंद होतो, कारण पुढं त्यावर रंग छान बसतो. मी म्हणालो, "बघ गं, सगळा मळ निघाला. कसं धुतल्या सुतागत झालंय!" मंगल म्हणाली, "मानूस असं पांढरं पडलं तर दवाखान्यात नेत्यात." तिच्या बोलण्याकडं मी दुर्लक्ष केलं. ती सवय लग्नापासूनची आहे.

मग ते फूल चालायला लागलं. हसू नकोस, ही जनावरं चालतात. सकाळी दगडाच्या पायथ्याशी असायचं, दुसऱ्या दिवशी चार बोटं वर, तिसऱ्या दिवशी काचेला चिकटून पार पाण्याच्या तोंडाशी. मला वाटलं, पळून चाललंय. मी एटीएमचं कार्ड धुऊन घेतलं, त्याच्या बुडाखाली हळूच सरकवून त्याला काचेवरून सोडवलं आणि परत खाली कोपऱ्यात नेऊन बसवलं, वर दोन शब्द सुनावले. असं पाच वेळा केलं. मागच्या आठवड्यात सौरवनं पाठवलेलं सगळं मी पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं, तेव्हा कळलं की उजेड पुरत नसला की अंगातलं शेवाळ जाऊन फूल पांढरं पडतं आणि दिव्याकडं सरकतं. आक्का, ते बिचारं अंग ओढत ओढत उजेड मागायला वर येत होतं आणि मी दर वेळी त्याला रागावून अंधारात नेऊन ठेवत होतो. हे कळल्यापासून मला अन्न गोड लागत नाही.

ताटलीएवढं होतं ते आता वाटीएवढं उरलंय. दोघं मासे त्यात मावत नाहीत. बायको आत झोपते, नवरा बाहेर पाण्यात थरथरत उभा असतो, तरी जागा सोडत नाही. त्याच्याकडं बघवत नाही म्हणून मी हल्ली पेटीकडं पाठ करून जेवतो. असो. जे जे चुकलं ते सगळं तुला लिहिलं, काही लपवलेलं नाही. भावोजींना नमस्कार सांग.

तुझा,
भावकू

ता. क. – "काही लपवलेलं नाही" असं वर लिहिलंय, ते खोटं आहे. सौरव दर रविवारी व्हिडिओ कॉल करतो. फूल पांढरं पडल्यावर त्याला दाखवायचं काय? मखराचा जांभळा जिलेटिन कागद उरला होता, तो मी दिव्यावर चिकटवला. फूल पुन्हा जांभळं दिसू लागलं. बोलणं झालं की काढायचा असं ठरवलं होतं, पण पांढरं बघण्यापेक्षा जांभळं बघणं मलाच बरं वाटू लागलं आणि कागद तसाच राहिला. आधीच उजेड कमी, तोही मी अडवला. दिवा ही माझी चूक होती, कागद ही लबाडी होती. तेव्हा मागणं एवढंच, की शनिवारी तू सौरवच्या आधी इथं येऊन बस. तू समोर असलीस की तो मला काही बोलणार नाही.

ता. क. दुसरा – पाकीट चिकटवायच्या आधी मंगलनं पत्र वाचलं. "आक्कास्नी म्होरं करून लपताय व्हय? आधी त्येला सांगा," म्हणून तिनं दिव्यावरचा कागद टराटरा फाडला आणि सौरवला फोन लावून माझ्या हातात दिला. मी फूल दाखवलं. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "मामा, दिवाळीतच कळालतं मला. फूल जांभळं दिसत हुतं, पन मासं बी गुलाबी दिसत हुतं की!" नारंगी मासे माझ्या डोळ्यांदेखत गुलाबी झाले, आणि रंगात तीस वर्षं काढलेल्या माणसाला ते दिसलं नाही, कारण मी माशांकडं बघतच नव्हतो, सौरवच्या तोंडाकडं बघत होतो. त्यानं किती परींनी विचारलं होतं, दिव्यावर धूळ बसली का, मखराचं सामान माळ्यावर टाकलं का. मी दर वेळी "सगळं बेस" म्हणून मोकळा. शेवटी त्यानं आपल्या मामीला हाताशी धरलं. मी मागावर असताना मंगल एक दिवसाआड त्या फुलाला कोळंबीचा बारीक तुकडा भरवत होती, त्यावर ते आजवर तगलं. (सोमवारी घरात कोळंबीचा वास कसा, हे मला आज समजलं.) नवा दिवा तो स्वतः आणतो आहे. सुरुवातीला मंद ठेवायचा म्हणाला, उपाशी माणसाला आधी पेज देतात तसा. जगेल असं त्याला वाटतं.

"मग तोंडावर का न्हाय सांगिटलास?" असं मी विचारलं. म्हणाला, "आई म्हनाली, मामा सोताच सांगंल. जरा येळ लागतो त्येला."

म्हणजे आक्का, तुला सगळं ठाऊक होतं. इतके आठवडे तू "मासं कसं हाईत रं?" म्हणून विचारत होतीस, मी "एकदम झकास" म्हणत होतो, आणि तू "बरं" म्हणून गुडघ्यांचं बोलायला लागत होतीस. तुझ्या त्या "बरं"ची मला दिव्यापेक्षा आणि कागदापेक्षाही जास्त लाज वाटते आहे. मला वेळ लागतो हे खरं, पण तेवढा वेळ ते मुकं जनावर अर्धपोटी राहिलं.

शनिवारी येऊ नकोस. सौरवसमोर मला एकट्यालाच उभं राहू दे. तू रविवारी ये.