थेंब नसलेली पाटी

सोमवार, ३ मार्च

भटकत भटकत मावशीकडे आलो, दुकानावरच्या खोलीत उतरलो, त्याला दोन आठवडे झाले. आज तिनं चहा पुढ्यात ठेवला आणि काम सांगून टाकलं — नवी पाटी, नवं चिन्ह, नवी कार्डं, सगळं तू बघ! वीस वर्षं नळ आणि पाइप दुरुस्त करते ती. दुकानाची पाटी आता वाचताही येत नाही. कोपऱ्यावरच्या नव्या इमारतीला वर्षभरासाठी नळवाला हवाय. मॅनेजरबाईंनी चौदा तारखेला बोलावलंय, पण ‘जरा कंपनीसारखं’ या म्हणाल्या. हे हुकलं तर मावशी शटर ओढणार. मग जाणार पगारावर — ज्याला तिनंच पाना धरायला शिकवलं, त्याच्याच कंपनीत. हसत सांगत होती. मला काही हसू आलं नाही.

मंगळवार, ४

संशोधन! वही घेऊन गावभर फिरलो. नळवाल्यांच्या अकरा गाड्या पाहिल्या. अकराही गाड्यांवर थेंब. निळा थेंब, हसरा थेंब, टोपीवाला थेंब — एक तर डोळा मारत होता. मग चार माणसं एक कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवताना दिसली. हात लावला. दुपार तिथंच गेली.

बुधवार, ५

काही नाही. नदीवर गेलो होतो.

शुक्रवार, ७

मीही थेंबच काढला. झकास काढला! दीडशे स्टिकर छापूनच आणले, मावशीला आश्चर्याचा धक्का द्यायला. तिनं एक हातात धरून बराच वेळ पाहिला.

“अरे भटक्या, आमच्याकडे गळतं असं का सांगतोस लोकांना? डॉक्टर दारावर खोकला रंगवतो का?”

दीडशे! पण मग दोघंही इतके हसलो की शेजारचा शिंपी डोकावून गेला.

सोमवार, १०

आज गिऱ्हाइकांकडेच गेलो. सात ठिकाणी विचारलं, एकालाही दुकानाचं नाव सांगता आलं नाही. वाईट वाटलं. पण शाळेतल्या बाई म्हणाल्या, ती कागदवाली ना? बेकरीवालाही तेच. दातांचा डॉक्टरही तेच!

काम झालं की मावशी सांध्याखाली कोरा कागद पसरते आणि बादली उपडी टाकून दहा मिनिटं बसते. डाग पडला की पुन्हा सगळं खोलते. कोरा राहिला तरच उठते. तीन आठवडे मी हे रोज बघतोय, आणि चिन्ह शोधत गावभर हिंडलो. काखेत कळसा नि गावाला वळसा!

बुधवार, १२

निळी पाटी, मधे पांढरा चौकोन, आत काही नाही. खाली एक ओळ — कागद कोरा, तरच काम पुरं. कार्डांवरही तेच. रंगाऱ्यानं तीनदा विचारलं, आतलं चित्र कधी देताय?

मावशी पाटीसमोर आली. मग बाहीनं एक कोपरा पुसला, जिथं काहीच लागलं नव्हतं.

शुक्रवार, १४

मॅनेजरबाईंनी कार्ड उलटसुलट केलं. छापायचं राहिलंय का, म्हणाल्या. मावशी म्हणाली, “पंपाच्या खोलीत चला.”

तिथला सांधा एक थेंबवाला दोनदा दुरुस्त करून गेला होता, तरी गळत होता. मावशीनं वॉशर बदलला, कागद पसरला, बादलीवर बसली. बाई घड्याळ बघत उभ्या. चौथ्या मिनिटाला — डाग! मावशीचा चेहरा होता तसाच. पुन्हा खोललं, आटे घासले, नवा कागद. या खेपेला बाईंनी स्वतःच दुसरी बादली ओढली आणि शेजारी बसल्या. दोघी गुडघेदुखीवर बोलत होत्या. दहा मिनिटं झाली. कागद कोरा.

बाईंनी त्याची घडी घालून तो आपल्या फायलीत ठेवला. सोमवारी कळवते म्हणाल्या.

सोमवार, १७

काम मिळालं!! दोन माणसांचे फॉर्म द्यायचे होते. मावशीनं माझाही भरून ठेवला होता. ‘कायमचा पत्ता’ — ही ओळ मी आजवर सगळीकडे मोकळी सोडत आलोय. तिनं तिथं दुकानावरची खोली लिहिली होती.

मी दोनदा वाचलं. सही केली.