कानबाईपुढे निखळलेला खुबा

आबा, तुम्ही देवाघरी गेलात तेव्हा माझे दोन्ही पाय धड होते, म्हणून आधी हे सांगतो. खुब्याचं हाड आतून सुकत गेलं आणि गेल्या वर्षी जळगावला डॉक्टरांनी तो सांधाच बदलून धातूचा बसवला. बरं चाललं होतं. काठी घेऊन का होईना, पिंप्राळ्याहून रिक्षाने डाळमिलवर कामाला जायला लागलो होतो. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, जमिनीपर्यंत वाकायचं तर अजिबात नाही, असं त्यांनी बजावलं होतं. मी पाळलंही.

श्रावणात गावी घरी कानबाई देवी बसली. सोमवारी सकाळी तिला गिरणेवर विसर्जनाला न्यायच्या आधी घरातला प्रत्येक जण पाया पडतो, ते तुम्हाला काय सांगू. हिने माझ्यासाठी खुर्ची मांडली होती. चुलतभाऊ म्हणाला, "भाऊ आते साहेब व्हई गया. कानबाईले बी खुर्चीवरथीन भेटतस." सगळे हसले, मीही हसलो. पण मला तुमचा हात आठवला. मी लहान आहे, नुसते हात जोडून उभा, आणि तुम्ही मानेवर हात ठेवून मला खाली नेता आहात. "कपाळले जमीन लागू दे. बाकी ती देखी लई." सारवलेल्या जमिनीचा गारवा कपाळाला लागतो आणि वाटतं, आता आपलं काही वाईट होणार नाही. तेवढंच पुन्हा हवं होतं. मी काठी ठेवली, गुडघे टेकले, वाकलो. कपाळ टेकलं आणि आत काहीतरी खटकन सरकलं.

मी ओरडलो. डफ वाजत होता, माझं अंग थरथरत होतं, आणि लोकांना वाटलं, कानबाई अंगात आली. कुणी हळद उधळली. काकूने येऊन माझा पाय धरला, नेमका तोच. "काय चुकनं माय आमनं? सांग ना." मी नुसता विव्हळत होतो. काकू रडू लागली, नैवेद्यातली कसली तरी चूक कबूल करू लागली. शेवटी ही गर्दीतून पुढे आली, आत वळून आखूड झालेला पाय तिने पाहिला. "आंगमा नही उनी, काकू. यासना खुबा निखळना."

भूल देऊन सांधा बसवला. पुढे खाटेवरून उठताना तो पुन्हा निखळला. आता मांड्यांमध्ये उशी ठेवून उताणा पडून असतो. हीच मला पुसते, हीच भरवते. मिलवर दुसरा माणूस घेतला. धुळ्याच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, "पुन्हा उघडावं लागेल. या वेळी टिकेलच, असं सांगू शकत नाही." हिने तिथंच हो म्हटलं. मीही मान डोलावली.

हा कागद देवघरात ठेवावा असं मनात होतं. पण मला उठता-वाकता येत नाही, आणि हिच्या हाती दिला तर ती वाचेल. तिला वाटतं, मी पडल्यापडल्या कानबाईला विनवत असतो. माझे ओठ तेवढे हलतात. आबा, मी मागणं सोडलं आहे. मागितलं आणि पाय पुन्हा निखळला, तर हात कुणापुढे जोडायचे, याची भीती वाटते.