आधी शब्द, मग सरकी

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी काल तुमच्याशी कडाकडा भांडावंसं वाटलं.

देवपूरच्या शाळेत मी चौथीत आहे. सगळा वर्ग धडाधडा वाचतोय आणि माझ्यापुढे ओळी हलतायत. आबा मला शाळेतून काढून शेतावर न्यायला आलेले, टोपी हातात घेऊन वर्गाच्या दारात उभे. "बाई, बठ्ठा पोरे वाचतस, हाईले येत नही. कापूस वेचाले लई जास." मी तुमच्या लुगड्याआड. तुम्ही शांतपणे म्हणालात, "आबा, होळीपर्यंत थांबा. पोरगी वाचेल." आबा पुटपुटत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पिशवीतून कापसाची सरकी आणलीत. जमिनीवर सरकीचं अक्षर मांडायचं, डोळे मिटून त्यावरून बोट फिरवायचं. बियांची ती लव बोटाला लागली की अक्षर हलायचं थांबायचं. चुकलं तरी तुम्ही गप्प, मला असा राग यायचा! एकदा मीच माझं अक्षर मोडलं आणि पुन्हा मांडलं. तुम्ही एकदम हसलात. "स्वतःची चूक स्वतः मोडतेस ना? मग तुला येणार." होळीला आबांसमोर मी अडखळत अर्धा धडा वाचला. "बरं शे," एवढंच म्हणाले आणि उपरण्यानं डोळे पुसत बसले.

आता जळगावात मी अशाच मुलांना शिकवते. त्याला डिस्लेक्सिया म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. कोणत्या मुलाला मदत लागू पडेल, हे मी, ते स्वतःची चूक स्वतः मोडतं का, या तुमच्याच खुणेवरून सांगते, आणि मला त्याचा थोडा ताठाही आहे. काल एका आईनं विचारलं, "मॅडम, माझी मुलगी वाचेल ना?" मुलगी नुसती बसून होती. एकही चूक तिनं मोडली नव्हती. तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "वाचेल."

घरी येऊन मी स्वतःवर चिडले, मग तुमच्यावर. कारण तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. आबांना शब्द दिलात तो आदल्या दिवशी, सरकी आली नंतर. कुठलीही खूण न बघता बोललात तुम्ही! आणि त्या शब्दापायीच रोज माझ्याबरोबर जमिनीवर बसलात.

हे पत्र कुठल्या टपालपेटीत टाकायचं नाही, म्हणून खरं लिहिते. ती मुलगी आता येईल. मूठभर सरकी पदरात घेऊन बसले आहे आणि तिला वाचता येईल की नाही, मला काहीच सांगता येत नाही.